व्हॉट्सॲप बिझनेस : बागेतून थेट आंबा विकणाऱ्याच्या दृष्टीने

कोकणातला हापूस वाशीच्या मार्केटला न पाठवता बागेतून थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पोहोचवण्याचा व्यवहार गेल्या काही वर्षांत चांगलाच रुजला आहे. या व्यवहाराला ना दुकान आहे, ना फलक. तो जवळजवळ पूर्णपणे मोबाईलवर चालतो. दलालाकडे माल पाठवला की भाव पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) आल्यावर कळतो, आणि भाडे, हमाली व इतर खर्च वजा जाता हातात काय पडेल याचा अंदाज पेटी भरताना करता येत नाही. थेट विक्रीत भाव आपण सांगतो, पण त्याबरोबर दुकानदाराची सगळी कामेही आपल्या गळ्यात येतात. आमची रत्नागिरी तालुक्यातील बाग फार मोठी नाही. काढणीपासून पेटी भरण्यापर्यंतचे काम घरचीच माणसे पाहतात, आणि ग्राहकांशी बोलण्याची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप मी काही हंगाम सलग वापरत आले आहे. पुढील परीक्षण अशा छोट्या, हंगामी आणि नाशवंत मालाच्या व्यवसायाच्या गरजा समोर ठेवून केले आहे. कपड्यांच्या दुकानाला किंवा खानावळीला त्यातले सगळेच लागू पडेल असे नाही.

मत आधीच सांगून टाकते. ज्याने एकदा आपल्याकडून पेटी घेतली आहे अशा ग्राहकाला वर्षानुवर्षे सांभाळण्यासाठी या ॲपच्या तोडीचे, तेही फुकट मिळणारे, दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. पण ज्याने आपले नाव कधी ऐकलेले नाही त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्याचा उपयोग फारच थोडा आहे. अडचण अशी की बहुतेक बागायतदार ते घेतात या दुसऱ्या कामासाठी, आणि मग महिनाभरात 'यातून काही होत नाही' असे म्हणून सोडून देतात.

ॲप जानेवारी २०१८ मध्ये आले. ते नेहमीच्या व्हॉट्सॲपहून वेगळे उतरवून घ्यावे लागते आणि एकच नंबर एकाच वेळी दोन्हीकडे चालत नाही, त्यामुळे पहिला निर्णय नंबराचा असतो. घरचाच नंबर व्यवसायाला दिला तर एप्रिल-मे महिन्यांत नातेवाइकांच्या लग्नपत्रिका, मुलांचे निकाल आणि 'शनिवारी दोन पेट्या' हे सगळे एकाच रांगेत येऊन बसते. वेगळे सिम घ्यावे हे उत्तम. दोन सिमच्या फोनवर दोन्ही ॲप शेजारी शेजारी व्यवस्थित चालतात. घरात लँडलाइन टिकून असेल तर तिच्या नंबरावरही नोंदणी होऊ शकते, कारण पडताळणीचा आकडा फोन करून सांगण्याची सोय आहे. ज्या वाड्यांत मोबाईलची रेंज अंगणाच्या एकाच कोपऱ्यात सापडते तेथे ही सोय विशेष कामाची आहे.

वेगळ्या सिमला मात्र हंगामी व्यवसायात एक धोका आहे, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ९० दिवस अजिबात वापर न झालेला प्रीपेड नंबर बंद करण्याची मुभा मोबाईल कंपन्यांना आहे, आणि बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. व्हॉट्सॲपचाही नियम असा आहे की १२० दिवस निष्क्रिय राहिलेले खाते साधारणपणे काढून टाकले जाते. आंब्याचा हंगाम जूनच्या सुरुवातीला संपतो आणि पुढच्या वर्षीची पहिली चौकशी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. मधला काळ या दोन्ही मुदतींपेक्षा मोठा आहे. म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर सिम काढून कपाटात ठेवले आणि रिचार्ज थांबवला, तर पेटीवर छापलेला नंबर, ग्राहकांची यादी आणि सगळा जुना संवाद एकदमच हातचा जाऊ शकतो. वर्षभर किमान रिचार्ज चालू ठेवणे आणि अधूनमधून ॲप उघडणे हा या 'फुकट' साधनाचा खरा खर्च होय, आणि तो धरूनच हिशेब करावा.

व्यवसायाची माहिती भरण्याचे पान सोपे आहे. नाव, पत्ता, नकाशावरचे ठिकाण, वेळ, थोडे वर्णन एवढे भरले की काम झाले. ॲप मराठीतही वापरता येते. वर्णनात 'अस्सल', 'नैसर्गिक', 'खात्रीशीर' अशी विशेषणे सगळेच लिहितात; त्याऐवजी गावाचे नाव, काढणीचा काळ आणि माल कोणत्या शहरांत कोणत्या वारी जातो एवढे लिहिलेले अधिक उपयोगी पडते.

कॅटलॉगबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण ॲपचा सर्वात मिरवला जाणारा भाग तोच आहे. २०१९ च्या अखेरीस आलेल्या या सोयीत पाचशेपर्यंत वस्तू छायाचित्र, वर्णन आणि किंमत यांसह मांडता येतात, आणि पुढे आलेल्या 'कार्ट'मुळे ग्राहकाला हव्या त्या वस्तू निवडून एकत्रित मागणी पाठवता येते. ज्याचा माल ठरलेला आणि भाव स्थिर आहे त्याच्यासाठी ही सोय उत्तम आहे. आंबापोळी, आमसुले, फणसाचे तळलेले गरे, कोकम आगळ यांची पाने आम्ही एकदा तयार केली आणि त्यांच्याकडे पुन्हा फारसे पाहावे लागले नाही. (ताजे फळ विकणारा शेतकरी अन्नसुरक्षा कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, पण आंबापोळी किंवा मोरंबा विकायचा तर अन्नसुरक्षा नोंदणी लागते, हे जाता जाता सांगायला हवे.)

हापूसच्या बाबतीत हाच कॅटलॉग डोकेदुखी ठरतो. गुढीपाडव्याच्या सुमारास माल कमी आणि भाव चढा असतो, अक्षय्य तृतीयेला मागणी शिगेला पोहोचते, आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात माल वाढल्यावर भाव उतरतो. शिवाय प्रत्येक टप्प्यावर फळाच्या वजनानुसार तीन-चार वेगवेगळे दर असतात. कॅटलॉगमध्ये किंमत लिहिली की ती दर आठवड्याला बदलावी लागते, आणि बदलली तरी जुन्या किमतीचा स्क्रीनशॉट कोणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला असतोच. शिल्लक मालाचा हिशेबही कॅटलॉग ठेवत नाही. त्या दिवशी भरलेल्या पेट्या संपल्या तरी मागणी येत राहते, कारण ती वस्तू आपण हाताने लपवली नाही तोवर ग्राहकाला दिसतच असते. यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. आंब्याच्या पानावर किंमत लिहायचीच नाही. प्रत्येक प्रतीचे छायाचित्र, एका फळाचे अंदाजे वजन आणि पेटीत किती डझन बसतात एवढेच द्यायचे, आणि 'आजचा भाव' ठरावीक उत्तराच्या सोयीतून तारखेसह पाठवायचा. तारीख लिहिलेली असली की जुना भाव दाखवून घासाघीस करणाऱ्याचे तोंड आपोआप बंद होते.

लेबलांची सोय मला ॲपमधील सर्वोत्तम सोय वाटते, आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. प्रत्येक संवादाला रंगीत खूण लावता येते आणि एकूण वीस खुणा करता येतात. ॲपमध्ये आधीच दिलेल्या 'नवीन ग्राहक', 'पैसे येणे बाकी' अशा खुणा बऱ्या आहेत, पण खरा उपयोग आपण आपल्या गरजेनुसार खुणा बनवल्यावर होतो. आम्ही गाडीच्या मार्गानुसार खुणा केल्या आहेत: कोथरूड-कर्वेनगर, पिंपरी-चिंचवड, ठाणे-डोंबिवली, दादर-परळ. ज्या रात्री ठाण्याची गाडी भरायची असते त्या संध्याकाळी त्या खुणेखालचे सगळे संवाद एका जागी उघडतात, आणि कोणाचा पत्ता अपुरा आहे, कोणाचे पैसे यायचे आहेत, कोणाला तयार फळ हवे आहे आणि कोणाला कच्चे, हे पेट्यांवर नावे घालण्याआधीच कळते. यापूर्वी हे काम वहीत होत असे, आणि वही घरात व ग्राहकाचा फोन बागेत आला की घोटाळा ठरलेला असे. 'तक्रार' अशीही एक खूण ठेवावी. साका, म्हणजे आतला गर खराब होण्याचा दोष, बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, त्यामुळे कितीही काळजी घेतली तरी काही फळे सदोष निघतातच. ग्राहकाने कापलेल्या फळाचे छायाचित्र पाठवले की त्या संवादाला खूण लावायची आणि पुढच्या फेरीत तेवढी फळे भरून द्यायची. चौकशी न करता भरपाई देणारा बागायतदार पुढच्या वर्षी ग्राहकाच्या लक्षात राहतो. हे काम ॲप करून देत नाही, पण विसरूही देत नाही.

ग्राहकाचे नाव साठवताना मात्र शिस्त हवी. आडनाव, परिसर आणि पहिल्या खरेदीचे वर्ष अशा एकाच क्रमाने नावे साठवली तर चार वर्षांनी 'मी कुलकर्णी बोलतोय' एवढ्यावर माणूस ओळखता येतो. नाहीतर पुण्यात कुलकर्ण्यांना काय तोटा.

ठरावीक उत्तरांची सोय, म्हणजे तिरपी रेघ आणि एखादा छोटा शब्द टाइप केला की साठवलेला संपूर्ण मजकूर उमटणे, हंगामात अक्षरशः तासन्‌तास वाचवते. अशी पन्नासपर्यंत उत्तरे साठवता येतात; आम्हाला दहा-बारा पुरतात. भाव, बँकेचा तपशील, गाडीचे वेळापत्रक आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे पेटी मिळाल्यावर काय करायचे याच्या सूचना. शहरातल्या पुष्कळ घरांत आता अढी घालण्याची, म्हणजे फळे गवतात मांडून पिकवण्याची, सवय उरलेली नाही. पेटी तशीच बंद ठेवली जाते किंवा कच्चे फळ फ्रिजमध्ये जाते, आणि मग 'आंबा गोड नाही' अशी तक्रार येते. पेटी आल्या आल्या उघडावी, फळे गवतावर किंवा कागदावर एका थरात पसरावीत, रोज हाताने पाहून मऊ झालेली वेगळी करावीत, आणि पूर्ण तयार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नयेत, हा मजकूर गाडी निघाली की प्रत्येकाला जातो. तक्रारी कमी करण्यात जेवढा वाटा चांगल्या फळाचा आहे तेवढाच या चार ओळींचा असावा असे मला वाटते.

स्वागताचा आपोआप जाणारा संदेश जरा जपून वापरावा. तो पहिल्यांदा लिहिणाऱ्याला आणि १४ दिवस संवाद न झालेल्या प्रत्येकाला जातो. हंगामी व्यवसायात प्रत्येक जुना ग्राहक मधल्या काळात या मुदतीच्या बाहेर गेलेला असतो. परिणामी दहा वर्षे आंबा घेणाऱ्या काकूंनी मार्चमध्ये 'यंदा मोहोर कसा आहे?' असे आपुलकीने विचारले की त्यांना 'आमच्या व्यवसायात आपले स्वागत आहे' असे कोरडे उत्तर मिळते. सेटिंगमध्ये हा संदेश फक्त साठवलेल्या नंबरांबाहेरच्या लोकांना जावा असा पर्याय आहे. तो पहिल्याच दिवशी निवडावा. 'आता उपलब्ध नाही' हा दुसरा आपोआप जाणारा संदेश मात्र निर्धास्तपणे वापरावा. काढणी पहाटे सुरू होते आणि झेला (फळ उतरवण्याची जाळी लावलेली काठी) हातात असताना फोन उचलता येत नाही, हे ग्राहकाला सांगण्यात कमीपणा नाही. 'सकाळी बागेत असतो, दुपारी दोननंतर उत्तर देऊ' या वाक्याने लोक चिडण्याऐवजी खूश होतात, असा अनुभव आहे.

आता ब्रॉडकास्टविषयी. यातच या ॲपचे बळ आहे आणि मर्यादाही. एका यादीत २५६ जणांना एकच संदेश पाठवता येतो आणि तो प्रत्येकाला स्वतंत्रपणे, जणू त्याच्यासाठीच लिहिल्यासारखा मिळतो. मात्र ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो पोहोचतो. ही अट कळलेली नसल्यामुळे अनेक जण कुठूनतरी मिळवलेल्या नंबरांच्या याद्या बनवून दररोज आंब्याची छायाचित्रे पाठवत राहतात, आणि ती कोणालाच दिसत नसतात. पाठवलेल्या संदेशाच्या माहितीत तो कोणाकोणाला पोहोचला हे दिसते. हंगामाच्या पहिल्या संदेशानंतर तेवढे एकदा तपासले की यादीतले खरे ग्राहक किती आणि नुसते नंबर किती हे स्पष्ट होते. अट जाचक आहे, पण मला ती योग्य वाटते. ज्याने आपला नंबर साठवण्याचे कष्ट घेतलेले नाहीत त्याला आपण संदेश पाठवू नये, हा सभ्यतेचा नियम तिने आपोआप पाळला जातो. शिवाय बऱ्याच लोकांनी आपला नंबर ब्लॉक केला किंवा तक्रार केली तर खात्यावर निर्बंध येऊ शकतात, तेही टळते.

म्हणून सगळा भर नंबर साठवला जाण्यावर हवा. पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूला क्यूआर कोडचे स्टिकर लावणे हा त्याचा सर्वात चांगला मार्ग आहे. ॲप हा कोड फुकट तयार करून देते, आणि तो स्कॅन केला की आपला संवाद उघडून आपण आधीच लिहून ठेवलेले वाक्य तेथे येते. 'पेटी मिळाली, फळ चांगले आहे, पुढच्या वर्षी कळवा' असे वाक्य ठेवले तर ग्राहकाला फक्त पाठवण्याचे बटण दाबायचे उरते. स्टिकर बाहेरच्या बाजूला लावू नये. वाहतुकीत तो फाटतो, आणि पेटी उघडून फळ पाहिल्यावरच माणसाचा हात फोनकडे जातो.

ब्रॉडकास्टला पर्याय म्हणून ग्रुप काढण्याचा मोह पुष्कळांना होतो. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. ग्रुपमध्ये १०२४ जण सामावतात हे खरे, पण त्यात प्रत्येकाचा नंबर बाकी सर्वांना दिसतो. ग्राहकाने आपला नंबर आंब्यासाठी दिलेला असतो, हजार अनोळखी माणसांना वाटण्यासाठी नव्हे. व्यवहाराच्या अंगानेही ग्रुप तोट्याचा आहे, कारण एका ग्राहकाच्या दोन खराब फळांचे छायाचित्र तेथे पडले की त्या दिवशीच्या सगळ्या मागण्या थबकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात सुरू झालेले चॅनेल या बाबतीत बरे आहेत. तेथे अनुयायांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि संदेश एकाच दिशेने जातो. पण चॅनेल वेगळ्या भागात असल्यामुळे लोक ते मुद्दाम उघडून पाहत नाहीत. त्यापेक्षा स्टेटस अधिक पाहिले जाते. काढणी, वर्गवारी, पेटी भरणे यांची दोन-तीन साधी छायाचित्रे स्टेटसला ठेवली की न विचारता चार मागण्या येतात. ती चोवीस तासांनी आपोआप जातात, त्यामुळे जुन्या भावाचा प्रश्नही उरत नाही. अर्थात स्टेटस दिसण्यासाठीही दोघांनी एकमेकांचे नंबर साठवलेले असावे लागतात. म्हणजे पुन्हा ओळखीचाच ग्राहक.

येथे ॲपची मर्यादा उघडी पडते. व्हॉट्सॲपवर रस्त्यावरून जाणारा माणूस नाही. 'माझ्या जवळ थेट बागेतला हापूस कोण देतो' असे शोधणाऱ्याला आपण त्या ॲपमध्ये सापडणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणजे हा गल्ला आहे, दुकानाची पाटी नव्हे. नव्या ग्राहकासाठी बाहेर जावेच लागते, आणि कंपनी स्वतःच त्यासाठी फेसबुक व इन्स्टाग्रामवरील जाहिरातीचा मार्ग दाखवते, ज्यात जाहिरातीवर बोट ठेवले की थेट आपला व्हॉट्सॲप संवाद उघडतो. जाहिरात कोणत्या शहरात, कोणत्या परिसरात दिसावी हे ठरवता येते, आणि जेथे आपली गाडी जाते तेवढाच भाग निवडणे अत्यंत आवश्यक आहे. रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो हेही आधीच धरावे. अशा जाहिरातीवरून येणारा बहुतेक माणूस 'रेट?' एवढा एकच शब्द लिहितो, आणि भाव कळल्यावर गप्प होतो. तो चार ठिकाणी हाच शब्द लिहीत असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, पण प्रत्येकाला उत्तर देण्यात जाणारा वेळ हंगामाच्या ऐन भरात परवडत नाही. जाहिरात द्यायचीच असेल तर ती मार्चमध्ये, माल थोडा आणि हाती वेळ असताना, नोंदणी घेण्यासाठी द्यावी. मे महिन्यात माल खपवण्यासाठी दिलेली जाहिरात बहुधा उशिरा पोहोचते.

इन्स्टाग्रामविषयी थोडक्यात लिहिते. झेल्याने फळ अलगद उतरवण्याचा, अढी उलगडण्याचा व्हिडिओ लोकांना मनापासून आवडतो आणि तो दूरवर जातो, पण तो पाहणारा नागपूरला, बेळगावला किंवा दुबईला असू शकतो आणि आपली गाडी तेथे जात नसते. पाहणाऱ्यांचा आकडा आणि पेट्यांचा आकडा यांचा संबंध शोधत बसू नये. त्या मानाने गुगलवरील व्यवसायाची मोफत नोंद कमी दिखाऊ असली तरी स्थानिक व्यवसायाला अधिक उपयोगी आहे. मे महिन्यात गणपतीपुळ्याला जाणारी कुटुंबे वाटेत नकाशावर 'आंबा' शोधतात, आणि बाग रस्त्यालगत असेल तर गाडी थांबवून पेटी घेऊन जातात. त्या नोंदीत व्हॉट्सॲपचा नंबर दिला की पुढच्या वर्षी तीच कुटुंबे घरबसल्या मागणी करतात.

पैशांच्या बाबतीत ॲपवर किती विसंबावे? व्हॉट्सॲपची स्वतःची यूपीआय सोय आहे, आणि डिसेंबर २०२४ च्या अखेरीस यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिच्यावरील वापरकर्त्यांच्या संख्येची मर्यादा उठवल्यामुळे ती आता सर्वांना खुली आहे. पण ग्राहक ज्या ॲपला सरावला आहे त्यानेच पैसे पाठवतो, आणि त्यात काही बिघडत नाही. खरी काळजी वेगळीच घ्यायला हवी. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट बनावट असू शकतात, आणि घाईच्या दिवसांत चित्र पाहून पेटी गाडीवर चढवली जाते. बँकेच्या खात्यात रक्कम जमा झालेली दिसल्याशिवाय 'पैसे आले' ही खूण लावायची नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, हेही घरातल्या मोठ्या माणसांना पुन्हा पुन्हा सांगावे. 'लष्करातून बोलतोय, वीस पेट्या हव्यात, हा कोड स्कॅन करा' असे फोन लहान विक्रेत्यांना सर्रास येतात.

एका बारीक गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधते. ग्राहकाने त्याच्या फोनवर संदेश ठरावीक काळाने आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू ठेवली असेल, तर त्याने लिहिलेला पत्ता आणि मागणी आपल्याकडूनही त्या मुदतीनंतर नाहीशी होते. आगाऊ नोंदणी मार्चमध्ये आणि पेटी मेमध्ये, असा व्यवहार असल्यावर याचा फटका बसतो. म्हणून पत्ता, प्रत आणि वार या तीन गोष्टी त्याच दिवशी वहीत किंवा साध्या तक्त्यात उतरवाव्यात. बॅकअपचेही तसेच आहे. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप २०२४ पासून गुगलच्या १५ जीबी मोफत जागेतच मोजला जातो, आणि आंब्यांची छायाचित्रे व व्हिडिओ यांनी ती जागा लवकर भरते. जागा भरली की बॅकअप गुपचूप थांबतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले होते. आंबेवाल्यांच्या सुदैवाने तेव्हा झाडांना मोहोरसुद्धा नव्हता. हाच प्रकार अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी झाला असता तर कोणत्या पेट्या कोणाच्या हे सांगायला वहीखेरीज काही उरले नसते.

राहिला प्रश्न निळ्या खुणेचा. व्यवसायाची पडताळणी झाल्याचे दाखवणारी खूण आता मासिक शुल्क भरून घेता येते आणि तिचा आग्रह धरणाऱ्या जाहिराती ॲपमध्ये दिसत राहतात. मोठ्या शहरातल्या दुकानाला तिचा काही उपयोग असेल. हापूसच्या ग्राहकाची शंका मात्र वेगळी असते. समोरचा व्यवसाय खरा आहे का यापेक्षा पेटीतले फळ खरोखर कोकणातले आहे का आणि ते कार्बाईडने पिकवलेले तर नाही ना, हे त्याला जाणून घ्यायचे असते. कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो हे त्याने ऐकलेले असते. या शंकेचे उत्तर निळी खूण देऊ शकत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि बागायतदाराला त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. तो नोंदणी क्रमांक व्यवसायाच्या वर्णनात, कॅटलॉगमध्ये आणि पेटीवरच्या स्टिकरवर छापावा. खुणेचे शुल्क मी भरलेले नाही, आणि हंगाम वर्षाकाठी जेमतेम तीन महिन्यांचा असताना बारा महिने ते भरण्याचा विचारही नाही.